सर्जिकल गाऊनचं कापड: संरक्षण हवं, घुसमट नको (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

गाऊन घालून तासन्‌तास उभे राहणारे सर्जन, शस्त्रक्रियेत त्यांच्या हाती अवजारं देणाऱ्या स्क्रब नर्स आणि रुग्णालयासाठी गाऊन निवडणारे, या सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. त्यातला बराच गोंधळ एकाच समजुतीतून येतो: कापड जितकं जाड आणि जितकं बंद, तितकं ते सुरक्षित. ही समजूत अर्धवट आहे आणि तिची किंमत गाऊन घालणारा घामाने मोजतो.

गाऊन नक्की कोणाला वाचवतो, डॉक्टरला की रुग्णाला?

दोघांनाही. रुग्णाचं रक्त आणि इतर द्रव डॉक्टरच्या अंगापर्यंत पोचू नयेत हे एक काम. डॉक्टरच्या अंगावरचे जंतू जखमेत जाऊ नयेत हे दुसरं. माणसाच्या त्वचेवरून दिवसाला साधारण एक कोटी सूक्ष्म कण झडतात आणि त्यातल्या काहींवर जिवंत जिवाणू असतात. हालचाल वाढली की हे प्रमाणही वाढतं. त्यामुळे कापडाने बाहेरून येणारा द्रव जसा अडवायचा, तसाच आतून बाहेर जाणारा कणही अडवायचा. खरेदीच्या वेळी हे दुसरं काम सहसा विसरलं जातं, कारण ते डोळ्यांना दिसत नाही.

सुती गाऊन अंगाला इतका बरा वाटायचा. तो का सोडला?

कोरडा असेपर्यंत तो बरा होता. १९५२ साली बेक आणि कोलेट या अमेरिकी डॉक्टरांनी दाखवून दिलं की सुती कापड ओलं झालं की जिवाणू त्यातून सहज पार होतात. सुताचा धागा स्वतःच पाणी ओढतो, दोन धाग्यांमधल्या फटी द्रवाने भरतात आणि त्या भरलेल्या फटी म्हणजे जंतूंसाठी मोकळी वाट. शिवाय सुताचे तंतू सुटतात आणि ते उघड्या जखमेत पडणं चांगलं नाही.

त्यानंतर घट्ट विणलेलं आणि वरून जलरोधक प्रक्रिया केलेलं सुती कापड आलं, पण दर धुण्यागणिक ती प्रक्रिया उतरत जायची.

रक्त अडवायचं आणि घामाची वाफ सोडायची, हे एकाच कापडाला जमतं तरी का?

जमतं, कारण द्रव आणि वाफ कापडातून वेगवेगळ्या पद्धतीने जातात. सगळा विषय या एका गोष्टीवर उभा आहे, म्हणून जरा सविस्तर.

द्रवाला बारीक छिद्रात शिरायचं तर त्याला आपल्या पृष्ठताणावर मात करावी लागते. कापडाचा तंतू पाणी नाकारणारा असेल, तर द्रव छिद्राच्या तोंडाशीच अडतो आणि आत ढकलायला बाहेरून दाब लागतो. छिद्राचा व्यास निम्मा केला की लागणारा दाब दुप्पट होतो. म्हणजे छिद्रं बुजवायची गरज नाही, ती पुरेशी बारीक असली तरी काम भागतं. वाफेचं तसं नाही. पाण्याचा एकेक रेणू नॅनोमीटरच्याही एक तृतीयांशाहून लहान. मायक्रॉनभर, म्हणजे हजार नॅनोमीटर रुंदीचं छिद्र त्याला प्रशस्तच वाटतं. त्याला दाब लागत नाही, आत दमट आणि बाहेर कोरडं एवढा फरक पुरतो.

पण द्रवही सगळे सारखे नसतात. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर. रक्ताचा त्याहून कमी. स्पिरिटचा तर जेमतेम बावीस. जो कमी ताणाचा, तो लवकर आत शिरतो. पाण्याला तासभर दाद न देणारं कापड स्पिरिटने काही क्षणांत भिजतं. हात स्वच्छ करायला लावलेलं अल्कोहोल पुरतं वाळण्याआधी गाऊनच्या बाहीत हात घातला, तर बाहीच्या कापडाची रोधकता आतूनच ढासळायला सुरुवात होते. हात पूर्ण कोरडे होऊ द्या, असं जे वारंवार सांगितलं जातं त्यामागे हेही एक कारण आहे.

एसएमएस कापड म्हणजे काय?

वापरून झालेल्या एखाद्या स्वच्छ गाऊनचा कोपरा फाडून पाहा. कडेला नख लावून हळूहळू सोलत गेलात तर तीन पदर सुटे होतात. बाहेरचे दोन जरा खरबरीत, ओढले तरी टिकणारे. मधला मात्र मऊ, पांढुरका आणि इतका नाजूक की नुसत्या बोटाने विरतो. बाहेरचे दोन स्पनबाँड, मधला मेल्टब्लोन; या इंग्रजी नावांची आद्याक्षरं जोडून एसएमएस. तिन्ही पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचे.

गाऊनची ताकद बाहेरच्या थरांत असते, रोधकता मधल्या थरात. स्पनबाँडचे तंतू साधारण १५ ते २५ मायक्रॉन जाडीचे, मेल्टब्लोनचे १ ते ५ मायक्रॉन. तंतू बारीक म्हणून त्यांच्यामधल्या फटीही बारीक. मेल्टब्लोनचे दोन-तीन पातळ थर दिले की एका थरातली विरळ जागा दुसऱ्या थराने झाकली जाते, त्यामुळे एसएमएमएस किंवा एसएमएमएमएस अशी नावं दिसतात.

इथे एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. फक्त जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन पाहून गाऊन घेऊ नका. ४५ जीएसएमच्या कापडात मेल्टब्लोनचा वाटा नगण्य असू शकतो आणि ३५ जीएसएमच्या कापडात तो चांगला भरघोस असू शकतो. दुसरं कापड हलकं असूनही जास्त अडवेल. वजन वाढलं की उकाडा नक्की वाढतो, संरक्षण वाढेलच असं नाही.

फिल्म (प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा) लावलेले गाऊन इतके का उकडतात?

साधी पॉलिइथिलीनची सलग फिल्म असेल तर ती वाफही अडवते. आतली हवा थोड्याच वेळात दमट होते आणि घाम वाळणं थांबतं.

सगळ्या फिल्म अशा नसतात. सूक्ष्मछिद्री फिल्ममध्ये प्लॅस्टिकमध्ये चुनखडीची बारीक पूड मिसळतात आणि फिल्म ताणतात. ताणताना प्रत्येक कणाभोवती प्लॅस्टिक सुटतं आणि वेड्यावाकड्या बारीक वाटा तयार होतात. वाफ त्यातून निघते, द्रव अडतो. दुसरा प्रकार एकसंध फिल्मचा. हिच्यात छिद्रंच नसतात. पाण्याचे रेणू आतल्या बाजूने फिल्ममध्ये विरघळतात, आरपार सरकतात आणि बाहेरून उडून जातात. छिद्र नसल्याने विषाणूला वाट नाही. आत दमटपणा जितका जास्त, तितकं हिचं काम जोरात चालतं.

तरीही खरं सांगायचं तर चांगली श्वसनक्षम, म्हणजे वाफ सोडणारी फिल्म लावलेला गाऊन साध्या एसएमएसपेक्षा गरमच होतो. एसएमएसमधून थोडी हवाही खेळते, फिल्ममधून फक्त वाफ जाते. शिवाय फिल्मचं कापड ताठर असतं, अंगावर पडत नाही, हात हलवला की करकरतं.

लेव्हल १ ते ४ म्हणजे नेमकं काय?

हे वर्गीकरण अमेरिकेच्या अँसी/एएएमआय पीबी ७० या मानकातलं. पहिल्या तीन पातळ्या पाण्याने ठरतात. एका चाचणीत तिरप्या कापडावर पाणी वरून फवारतात आणि खालच्या टीपकागदाचं वजन किती वाढलं ते पाहतात. लेव्हल १ ला ४.५ ग्रॅमपर्यंत चालतं, लेव्हल २ आणि ३ ला जास्तीत जास्त १ ग्रॅम. दुसऱ्या चाचणीत कापडावर पाण्याचा दाब हळूहळू वाढवतात. लेव्हल २ ने निदान २० सेंटीमीटर उंचीच्या पाण्याचा दाब सोसायला हवा, लेव्हल ३ ने ५०.

लेव्हल ४ ची परीक्षा वेगळीच आहे. तिथे विषाणू वापरतात. फाय-एक्स १७४ नावाचा, जिवाणूंना लागण करणारा आणि माणसाला निरुपद्रवी असा हा विषाणू अवघा २७ नॅनोमीटरचा, म्हणजे हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही या तिघांहून लहान. तो मिसळलेला द्रव कापडावर तासभर ठेवतात आणि त्यात एक मिनिट १३.८ किलोपास्कल दाब देतात. पलीकडे एकही विषाणू सापडायला नको.

युरोपातलं ईएन १३७९५ मानक दोनच वर्ग करतं. महत्त्वाच्या भागासाठी सामान्य वर्गाला २० सेंटीमीटर, उच्च वर्गाला १०० सेंटीमीटर पाण्याचा दाब. जंतूंचं पार होणं, सुटणारे तंतू आणि ओलं झाल्यावरची मजबुती यांचीही त्यात तपासणी असते.

या पातळ्या कापड किती अडवतं तेवढंच सांगतात. दोन लेव्हल ३ गाऊनमध्ये आतल्या उकाड्याचा जमीनअस्मानाचा फरक असू शकतो.

मग सरसकट लेव्हल ४ घेतला तर काय बिघडलं?

खूप बिघडतं, आणि हा प्रश्न पैशांपुरता नाही.

माणूस हलकं काम करतानाही शरीर शंभर वॅटहून अधिक उष्णता तयार करत असतं. एक ग्रॅम घाम वाळला की साधारण २.४ किलोज्यूल उष्णता जाते. शंभर वॅट फक्त घामावाटे घालवायचे म्हटले तर तासाला दीडशे ग्रॅम घाम वाळायला हवा. प्रत्यक्षात काही उष्णता इतर मार्गांनीही जाते, पण गाऊनखाली ते मार्ग अरुंद होतात, आणि वर दिव्यांची ऊब असते. वाफ बाहेर पडली नाही तर घाम येतो, पण वाळत नाही. अंग थंड होत नाही, पाणी मात्र शरीरातून जातं. कपाळावरचा घाम डोळ्यांवर येतो, चष्मा धुरकटतो, लक्ष विचलित होतं. आतले कपडे भिजून गाऊनला चिकटतात. कापडाला छिद्रं असतील तर घाम त्यांना आतून ओलं करतो आणि त्वचेवरच्या जंतूंना बाहेर यायला मदत होते.

आणि माणूस सोयीसाठी पळवाटा काढतो. मागच्या गाठी सैल ठेवतो, बाह्या वर सरकवतो, मान मोकळी करायला गळा ओढतो. ज्या गाऊनमध्ये घालणारा असं वागतो, त्याची प्रयोगशाळेतली पातळी काहीही असो, ऑपरेशन थिएटरमध्ये ती उरलेली नसते. सोय हा संरक्षणाचाच भाग आहे, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून प्रत्येक शस्त्रक्रियेबाबत तीन गोष्टी विचारा: रक्त किंवा इतर द्रव किती येणार, शस्त्रक्रिया किती वेळ चालणार, आणि अंगाचा कुठला भाग ओल्या जागी दाबला जाणार. डोळ्याच्या किंवा लहानशा गाठीच्या शस्त्रक्रियेला खालची पातळी भागते. खुब्याचा सांधा बदलताना, सिझेरियनमध्ये, मोठ्या अपघातात पोट उघडताना द्रव भरपूर असतो आणि जोरही लावावा लागतो. तिथे उकाडा सोसूनही वरची पातळीच हवी. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत रक्त अंगावर कमी येतं, पण वेळ बराच जातो, तेव्हा श्वसनक्षमतेला जास्त वजन द्यावं.

दाबाचा एवढा बाऊ का?

कोपराचं उदाहरण घ्या. ओल्या ड्रेपवर (रुग्णावर पांघरलेल्या निर्जंतुक कापडावर) कोपर टेकला आणि त्यावर दोन किलोचा भार पाच चौरस सेंटीमीटर जागेत आला, तर तिथला दाब ४० किलोपास्कलच्या घरात जातो. लेव्हल ४ च्या चाचणीतल्या दाबाच्या जवळपास तिप्पट, आणि लेव्हल ३ च्या ५० सेंटीमीटर पाण्याच्या आठपट. सगळा भार द्रवावरच येतो असं नाही, पण अंदाज यायला हे पुरेसं आहे. रक्त बहुतेकदा उडून नाही, दाबून आत येतं. टेबलाला टेकलेलं पोट, रुग्णाच्या अंगावर रेललेला हात आणि कोपर या जागा आधी भिजतात.

संपूर्ण गाऊन एकाच कापडाचा असायलाच हवा का?

नाही, आणि सोयीचा सर्वांत चांगला मार्ग इथेच सापडतो. पीबी ७० नुसार सर्जिकल गाऊनचे महत्त्वाचे भाग दोन: छातीपासून गुडघ्यापर्यंतचा पुढचा भाग, आणि कफपासून (मनगटावरच्या विणलेल्या पट्टीपासून) कोपराच्या वरपर्यंतची बाही. ठरलेली पातळी या दोन्हींनी पाळायची असते. पाठीला तशी सक्ती नाही. म्हणून पुढे आणि बाह्यांना फिल्मचं अस्तर, पाठीला हवा खेळणारं हलकं कापड अशी रचना करता येते. पाठीवरून उष्णता निघून जाते आणि पुढचं संरक्षण कमी होत नाही.

संसर्गजन्य रुग्णाजवळ जाताना घालायचा आयसोलेशन गाऊन मात्र वेगळा. त्याचा कफ, काठ आणि पट्ट्या सोडून सगळा भाग, शिवणींसकट, ठरलेल्या पातळीचा लागतो. दोन्ही गाऊन दिसायला सारखे असतात, म्हणून कपाटात ते एकत्र ठेवू नका.

वेष्टनावर लिहिलेला श्वसनक्षमतेचा आकडा खरा मानायचा का?

चाचणी कोणती ते लिहिलं नसेल तर नाही. वाफ किती पार होते हे मोजायची वाटीची पद्धत आहे: वाटीत पाणी, तोंडावर कापड, चोवीस तासांत वजन किती घटलं ते पाहायचं. वाटी सरळ ठेवली तर एक आकडा येतो, उलटी करून पाणी कापडाला टेकवलं तर कितीतरी मोठा. तापमान आणि हवेतला दमटपणा बदलला की पुन्हा वेगळा.

त्यापेक्षा आरईटी हा आकडा मागा. आयएसओ ११०९२ मानकाप्रमाणे घामासारखं पाणी सोडणाऱ्या तापलेल्या सपाट प्लेटवर कापड ठेवून वाफेला होणारा अडथळा मोजतात. इथे आकडा जितका लहान, तितकं कापड मोकळं. सहापेक्षा कमी म्हणजे उत्तम, विसाच्या वर गेला तर कष्टाच्या कामात घुसमट होणार असं साधारण मानतात. तरीही हा सपाट कापडाचा आकडा. ढगळ गाऊनमध्ये हालचालीबरोबर आतली हवा आत-बाहेर होते, अंगाला चिकटलेल्या गाऊनमध्ये होत नाही.

कापडावर पाण्याचा थेंब टाकून पाहिला, मोत्यासारखा उभा राहिला. पुरेसं आहे?

नाही. त्यातून एवढंच कळतं की वरचा तंतू पाणी नाकारतो. थेंबाला दाब नाही, आणि पाणी म्हणजे रक्त नव्हे. रक्तासाठीच्या चाचण्यांत वापरलेल्या द्रवाचा पृष्ठताण मुद्दाम ४२ च्या आसपास ठेवतात.

कापड उत्तम असूनही मनगट ओलं होतं. दोष कुठे?

विणलेल्या कफमध्ये. कफ मनगटाला धरून राहावा म्हणून तो लवचीक विणीचा असतो आणि ती वीण द्रव शोषते. कफ कोणत्याही पातळीच्या संरक्षणात धरलेला नाही, तो हातमोज्याखाली पूर्ण झाकला जाईल असं गृहीत आहे. दीर्घ शस्त्रक्रियेत हात पुढे नेताना बाही मागे ओढली जाते, मोजा खाली घसरतो आणि मध्ये कफची पांढरी पट्टी उघडी पडते. रक्त तिथूनच शिरतं. बाही आखूड असेल तर हे हमखास होतं, म्हणून गाऊनचा मापाचा प्रश्न हा संरक्षणाचाच प्रश्न आहे. उंच माणसाला मोठं माप द्या, लांब मनगटाचे मोजे वापरा.

शिवणींचंही तेच. सुईने शिवलं की प्रत्येक टाका म्हणजे एक भोक. वरच्या पातळीच्या गाऊनमध्ये महत्त्वाच्या जागी ध्वनिलहरींनी जोडलेली किंवा पट्टी चिकटवलेली शिवण असावी.

धुऊन पुन्हा वापरायचे गाऊन सुखकर असतात का?

अनेकांना ते जास्त आवडतात. घट्ट विणीच्या पॉलिएस्टरचं कापड अंगावर छान पडतं, आवाज करत नाही. वरच्या पातळीसाठी दोन पॉलिएस्टर थरांमध्ये श्वसनक्षम पडदा बसवलेलं तीन पदरी कापड असतं. ऊर्जा आणि कचरा या दोन्ही हिशोबांत असे गाऊन सरस ठरल्याचं बहुतेक अभ्यासांतून दिसतं.

अट एकच, पण कडक. दर धुण्याची नोंद हवी आणि निर्मात्याने दिलेली मर्यादा ओलांडायची नाही. प्रत्येक वेळी उजेडावर धरून भोकं, विरलेल्या जागा, उसवलेल्या शिवणी पाहायच्या. ही शिस्त जिथे शक्य नाही, तिथे एकदाच वापरायचा गाऊन जास्त सुरक्षित.

फ्लोरीनयुक्त प्रक्रिया नको म्हणतात. तिचा सोयीशी काय संबंध?

कापडाने द्रव परतवावा म्हणून त्यावर लावली जाणारी पीएफएएस गटातली ही फ्लोरीनयुक्त रसायनं निसर्गात वर्षानुवर्षं टिकून राहतात, म्हणून त्यांच्यापासून दूर जाण्याचा प्रयत्न योग्यच आहे. पण स्पिरिट आणि तेलकट द्रव परतवण्यात त्यांची बरोबरी करणारं काही सहज मिळत नाही. ती काढली की रोधकता परत मिळवायला कापडात जास्त बारीक तंतू किंवा फिल्म घालावी लागते. फिल्म घातली की उकाडा वाढतो. फ्लोरीनमुक्त गाऊन निवडताना त्याचा आरईटी आधीच्या गाऊनशी ताडून पाहा.

आत एक्स-रेपासून वाचवणारा शिशाचा ॲप्रन असेल तर?

मग धड तसंही झाकलेलंच असतं आणि वाफेला बाहेर जायला बाह्या आणि पाठ एवढीच वाट उरते. पाठीचं कापड मोकळं असलेला गाऊन निवडा, आत घाम ओढून पसरवणारं पातळ कापड घाला. ठरावीक तापमानाला वितळणाऱ्या पदार्थाच्या पिशव्या असलेली थंड जाकिटंही मिळतात. ती काही वेळ खरोखर आराम देतात, पण वजन वाढवतात आणि पदार्थ वितळून संपला की एक जादा थर उरतो.

नवा गाऊन घेण्याआधी चाचणी कशी घ्यावी?

दालनात दोन मिनिटं घालून पाहणं निरुपयोगी आहे. उकाड्याचं खरं रूप तासाभरानंतर दिसतं. निरनिराळ्या उंचीच्या आणि बांध्याच्या लोकांना, खऱ्या कामात, निदान एक लांब शस्त्रक्रिया पुरी होईपर्यंत घालायला द्या. आतला सदरा आधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवा. दोन गाऊनमध्ये सदऱ्यात किती ग्रॅम घाम साठला हे ताडून पाहिलं की वादाला जागा राहत नाही. गाऊन काढल्यावर आतली बाजू, विशेषतः कोपर, पोट आणि मनगट, उजेडात तपासा. आणि स्क्रब नर्सना आवर्जून विचारा. त्या सर्जनच्या आधी गाऊन घालतात आणि बहुतेकदा नंतर काढतात.

शस्त्रक्रिया चालू असतानाच गाऊन आतपर्यंत भिजला तर?

लगेच बदला, हातमोजेही बदला. खालचे कपडे किंवा त्वचा रक्ताने ओली झाली असेल तर सवड मिळताच त्वचा साबण-पाण्याने धुवा, कपडे बदला आणि घटनेची नोंद करा. गाऊनची पातळी, शस्त्रक्रिया कोणती होती आणि कुठली जागा भिजली, हे तिन्ही त्या नोंदीत लिहा. पुढच्या वेळी त्या शस्त्रक्रियेसाठी कोणता गाऊन काढून ठेवायचा हे त्यावरूनच ठरवता येतं.